पाळी : फळ्यावरच्या एका आकृतीचं रसग्रहण

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आर्तवचक्राची एक आकृती असते. ती मी सत्तावीस वर्षं फळ्यावर काढली. पुस्तकं बदलली, अभ्यासक्रम बदलला, धड्याचा क्रमांक बदलला. आकृती तीच राहिली. खाली 1 ते 28 दिवसांची मोजपट्टी, तिच्यावर चार आडवे पट्टे आणि त्या पट्ट्यांतून चढणाऱ्या-उतरणाऱ्या चार रेषा. मी निळा, पांढरा, तांबडा आणि पिवळा असे चार खडू घेऊन वर्गात जायची. मुलींना रंगांवरूनच कळायचं आज काय आहे ते, आणि त्या वह्यांत तोंड घालून बसायच्या.

कवितेचं रसग्रहण आपण करतो, गाण्याचं करतो. या आकृतीचं कुणी केलेलं मी वाचलं नाही. खरं तर इतक्या थोड्या जागेत इतकं सांगणारी दुसरी रचना मला शालेय पुस्तकात सापडलेली नाही. संप्रेरकांना जुनी मराठी पुस्तकं अंतःस्राव म्हणत, म्हणजे आत पाझरणारे रस. तेव्हा रसग्रहण हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो.

सुरुवात शब्दापासूनच करते. आमची शाळा इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या एका चारीजवळ. हा कालवा 1885 सालचा. बारामतीतून येतो आणि इंदापूरला टेलला संपतो. त्यामुळे पाळी हा शब्द आमच्या पोरांनी पहिल्यांदा ऐकलेला असतो तो पाण्यासाठी. शेजपाळी लागली, आपली पाळी रात्रीची आली, बॅटरी घे आणि दारं धरायला चल. एकाचं शेत भिजलं की दुसऱ्याचं, त्याचं झालं की तिसऱ्याचं. पाळी म्हणजे वळण, वेळ, ज्याच्या त्याच्या वाट्याचा हक्क. हाच शब्द आपल्या भाषेनं बाईच्या महिन्यालाही दिला. किती नेमका दिला ते चारही पट्टे वाचून झाल्यावर कळतं. शरीरात चार संप्रेरकं एकमेकांना पाळी देत असतात. एक आल्याशिवाय दुसरं येत नाही आणि दुसरं आलं की पहिल्याला मागं सरावं लागतं.

भाषेची आणखी एक गोष्ट मला वर्षानुवर्षं खुपत आली. आमच्याकडे घरटी जर्सी नाहीतर एच.एफ. गाय आहे. आठवीतलं पोरगंसुद्धा सांगतं, बाई, गाय माजावर आलीय, सकाळी माज दिसला म्हणजे संध्याकाळी भरवायची. एकवीस दिवसांनी उलटली का, म्हणजे पुन्हा माजावर आली का, गाभण राहिली का, भाकड काळ किती, कितवं वेत, हे सगळं जेवताना पानावर बोललं जातं. रेतन करणारे डॉक्टर मोटारसायकलला नायट्रोजनची टाकी अडकवून येतात तेव्हा अंगणात सगळं घर उभं असतं. आणि त्याच घरात आईच्या महिन्याला शब्द कोणता? कावळा शिवला. बाहेरची आहे. अडचण आहे. गाईचं चक्र माहीत असलेल्या मुलाला आईच्या चक्राबद्दल एक सरळ शब्द ठाऊक नसतो. म्हणून मी आकृतीला हात घालण्याआधी गाईपासून सुरुवात करायची. एकवीस दिवसांनी गाय का उलटते, एवढं विचारलं की वर्गाच्या माना वर व्हायच्या.

आता आकृती.

सगळ्यात वरचा पट्टा पीयूषिका ग्रंथीचा. मेंदूच्या तळाशी मटाराच्या दाण्याएवढी, वजनानं सुमारे अर्धा ग्रॅम. हिचं पाश्चात्त्य नाव पिट्यूटरी हे कफाच्या लॅटिन शब्दावरून आलं, कारण मेंदूतला शेंबूड नाकात उतरवणारी ही ग्रंथी असावी असा जुन्या वैद्यांचा समज होता. आपल्या परिभाषाकारांनी तिला पीयूषिका म्हटलं. पीयूष म्हणजे अमृत, आणि व्यायलेल्या गाईचं पहिलं दूधही. कफापेक्षा हे नाव मला कितीतरी पटीनं रास्त वाटतं. हार्मोन शब्दाचंही असंच. इंग्लंडच्या अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1905 साली तो वापरात आणला, चालना देणं अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून. संप्रेरक हा मराठी शब्द नेमकं तेच सांगतो.

या पट्ट्यात दोन रेषा आहेत. निळी पुटिका ग्रंथी संप्रेरकाची, म्हणजे एफ.एस.एच.ची. पांढरी पीतपिंडकारी संप्रेरकाची, म्हणजे एल.एच.ची. रेषा पाहिल्या तर गुळगुळीत दिसतात, आणि आकृतीची पहिली त्रुटी इथेच आहे. प्रत्यक्षात या रेषा ठोक्याठोक्यांनी बनलेल्या आहेत. पीयूषिकेच्या वर असलेला हायपोथॅलॅमस साधारण तासा-दीड तासानं एक ठोका देतो. त्याचा निरोप म्हणजे दहा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. ती ओळखण्यासाठी 1960च्या दशकात अँड्र्यू शॅली आणि रॉजर गियमाँ या दोघांनी स्वतंत्रपणे डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या लाखो मेंदूंतून कणाकणानं हा पदार्थ गोळा केला. 1977 साली दोघांना नोबेल मिळालं. पण या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग त्यांच्यानंतरचा आहे. अर्न्स्ट नोबिल यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं की हा निरोप तासाला एकदा दिला तर चक्र चालतं, पण तोच निरोप अखंड, न थांबता देत राहिलं तर पीयूषिका गप्प होते. चक्र बंद पडतं.

हे सांगताना मला उदाहरणासाठी लांब जावं लागायचं नाही. कालव्याकाठच्या जमिनींचं काय झालं ते आमच्या भागानं पाहिलंय. पाणी आहे म्हणून उसाला सोडतच राहिलं, आणि काळीभोर रानं चोपण झाली, वर मिठाचा पांढरा थर आला. जमिनीला पाण्याइतकाच दोन पाण्यांमधला वाफसा लागतो. पीयूषिकेलाही दोन निरोपांमधली शांतता लागते. ज्या मुलामुलींना फार लवकर, सात-आठ वर्षांच्या आतच वयात येण्याची लक्षणं दिसू लागतात, त्यांना डॉक्टर हाच निरोप अखंड मिळत राहील असं इंजेक्शन देतात, आणि वेळेआधी सुरू झालेलं चक्र थांबतं. जी गोष्ट सुरू करते तीच, अंतर काढून घेतलं की, थांबवते.

दुसरा पट्टा अंडाशयाचा. इथे रेषा नाही, अंडपेशी पोटात घेतलेल्या एका पुटिकेची वाढत जाणारी चित्रं आहेत: बारीक दाणा, मग मणी, मग पाण्यानं भरलेला टपोरा फोड. मुली विचारायच्या, बाई, अंडं दर महिन्याला नवं तयार होतं का? नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयातल्या सगळ्या अंडपेशी तयार झालेल्या असतात. जन्मताना दहा ते वीस लाख असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि उभ्या आयुष्यात जेमतेम चारशे बाहेर पडतात. म्हणजे जिच्यापासून मी झाले ती पेशी माझ्या आजीच्या पोटात होती, आई जन्मण्याआधीच. हे वाक्य बोलल्यावर मी फळ्याकडे वळायची नाही. मुलींचे चेहरे बघत उभी राहायची.

चित्रात पुटिका एकच दिसते, पण दर महिन्याला शर्यतीत अनेक उतरतात. मग एकच का पुढे जाते? याचं उत्तर तिसऱ्या पट्ट्यात आहे. वाढणाऱ्या पुटिका इस्ट्रोजेन पाझरू लागतात. इस्ट्रोजेन रक्तातून वर पीयूषिकेपर्यंत पोचतं आणि तिला सांगतं, आता एफ.एस.एच. आवर. निळी रेषा उतरू लागते. पाणी कमी झालं की टेलचं रान आधी सुकतं, हे इंदापूरकराला शिकवावं लागत नाही. तशा मागं राहिलेल्या पुटिका सुकतात. जी सगळ्यांत मोठी आहे, थोडक्या एफ.एस.एच.वरही जी भागवू शकते, तेवढीच तगते.

आणि हा नियम थोडा सैल झाला तर? त्याचं उत्तर नीरेपलीकडे, फलटणला आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतलं एक जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणलं. फेक-बी त्याचं नाव. त्यानं एका माजात एकाहून जास्त अंडी सुटतात आणि मेंढी जुळी देते. नारी सुवर्णा या नावानं ती मेंढी ओळखली जाते. वर्गातल्या धनगरांच्या पोरांना हे सांगितलं की निळी रेषा त्यांना पुन्हा समजवावी लागत नसे.

तिसरा पट्टा मी नेहमी सावकाश काढायची. तांबडी रेषा इस्ट्रोजेनची, पिवळी प्रोजेस्टेरॉनची. ही संप्रेरकं असतात तरी किती? ऐन भरातल्या दिवशी एक मिलिलिटर रक्तात इस्ट्रोजेन दोन-तीनशे पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. बाईच्या सगळ्या अंगातल्या रक्तातलं इस्ट्रोजेन एकत्र केलं तरी ते स्वयंपाकातल्या मिठाच्या एका कणापेक्षा कितीतरी हलकं भरेल. तेवढ्यावर हाडं घट्ट राहतात, गर्भाशयाचं अस्तर चढतं, मेंदू ठोके कमीजास्त करतो.

हे इस्ट्रोजेन बनतं कशापासून, हे सांगितलं की वर्गात हमखास चुळबुळ व्हायची. पुटिकेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एल.एच.च्या सांगण्यावरून आधी टेस्टोस्टेरॉनच्या जातीचे पदार्थ बनवतात. ते आतल्या थरातल्या पेशींकडे जातात, आणि तिथे एफ.एस.एच.च्या सांगण्यावरून त्यांचं इस्ट्रोजेन होतं. म्हणजे ज्याला आपण पुरुषी म्हणतो तो बायकी म्हणतो त्याचा कच्चा माल आहे, आणि तो बाईच्याच अंगात तयार होतो. उलट पुरुषाच्या अंगातही थोडं टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि त्यावाचून त्याची हाडं ठिसूळ होतात. मागच्या बाकावरच्या एका मुलानं एकदा मान वर करून विचारलं होतं, म्हणजे बाई, दोन्ही दोघांत असतं? मी म्हटलं, दोन्ही दोघांत असतं, प्रमाण वेगळं. त्यानं ते वाक्य वहीत लिहून त्याभोवती चौकट काढली.

आता आकृतीचा ऐन रंगलेला भाग. बाराव्या-तेराव्या दिवशी तांबडी रेषा सरसर वर चढते. आतापर्यंतचा नियम असा, की इस्ट्रोजेन वाढलं की पीयूषिका हात आखडते. पण इस्ट्रोजेन एका पातळीच्या वर जाऊन तिथे सुमारे दोन दिवस टिकलं की नियम उलटतो. जे इतके दिवस बास म्हणत होतं तेच आता सोड म्हणतं. पांढरी रेषा, म्हणजे एल.एच., फळ्याच्या कडेला भिडेल अशी उसळते. त्या उसळीच्या सुरुवातीपासून साधारण छत्तीस तासांत पुटिका फुटते आणि अंडं बाहेर पडतं. हे वळण मी कितीदा काढलं असेल, तरी दर वेळी खडू तिथे थबकायचा. पुटिका तयार झाली की नाही हे मेंदू ठरवत नाही, पुटिकाच त्याला कळवते. पिकल्याची खूण खालून वर जाते, आणि मग वरून पाणी सुटतं. कालव्याच्या कारभारात नमुना नंबर 7 भरून पाण्याची मागणी करावी लागते. इथे मागणीही पुटिकेची आणि पिकल्याचा दाखलाही तिचाच.

या टोकाखाली पुस्तक 14 आकडा लिहितं. चौदावा दिवस. इथे आकृती थोडी दिशाभूल करते. जपानच्या क्युसाकू ओगिनो यांनी 1920च्या दशकात दाखवलं की अंडं सुटण्याचा दिवस मागल्या पाळीपासून नव्हे, पुढल्या पाळीपासून उलटा मोजावा. आकृतीचा उत्तरार्ध बहुतेक बायकांत चौदा दिवसांच्या आसपास राहतो. ताणतो-आखडतो तो पूर्वार्ध. कुणाचं चक्र चोवीस दिवसांचं, कुणाचं पस्तीस. पहिल्या दोन-तीन वर्षांत तर मुलींचं फारच मागंपुढं होतं. मुलगी डोळ्यांत पाणी आणून सांगायची, बाई, माझे बत्तीस दिवस होतात, माझ्यात काही बिघाड आहे का? एका सरासरीच्या आकड्यानं किती पोरींच्या जिवाला घोर लावला असेल! फळ्यावर 28 लिहिल्यावर मी त्याच्यापुढे साधारण हा शब्द लिहायची, तो मुद्दाम मोठ्या अक्षरात.

फुटलेल्या पुटिकेचं पुढे काय होतं, तो या आकृतीतला मला सर्वांत जवळचा तपशील आहे. ती टाकून दिली जात नाही. तिचं पीतपिंड होतं. पिवळी रेषा, प्रोजेस्टेरॉन, या पिंडाची. गाईच्या अंडाशयात हा पिंड गाजरासारखा केशरी-पिवळा दिसतो, कारण हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन त्यात उतरतं. डॉक्टर खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून गाय तपासतात तेव्हा अंडाशयावर बोटांना लागणारा जो उंचवटा असतो, तो हाच. प्रोजेस्टेरॉन आलं की घरात पाहुणा येणार असल्यासारखी तयारी सुरू होते. चौथ्या पट्ट्यातलं गर्भाशयाचं अस्तर, जे इस्ट्रोजेननं जाड केलेलं असतं, त्यात आता रस भरतो, रक्तवाहिन्या वेटोळ्या घेत वर चढतात. बाईच्या अंगाचं तापमानही अर्ध्या अंश सेल्सिअसच्या आत-बाहेर वाढतं आणि चौदा दिवस तसंच राहतं. ताप नव्हे, वाट पाहणं.

पीतपिंडाला आयुष्य चौदा दिवसांचं. गर्भ राहिला तर तो मोहरीपेक्षाही लहान असताना एक निरोप पाठवतो, एच.सी.जी. नावाचा. त्या निरोपावर पिंड जगतो, प्रोजेस्टेरॉन चालू राहतं, आणि पुढे आठ-दहा आठवड्यांनी वार ते काम हाती घेते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पट्टीवर जी दुसरी रेघ उमटते ती या निरोपाची. निरोप आला नाही तर पिंड विरतो, तांबडी आणि पिवळी दोन्ही रेषा एकदम कोसळतात, अस्तराला आधार राहत नाही, वेटोळ्या रक्तवाहिन्या आखडतात आणि अस्तर सुटून येतं. तिथे आकृती संपते. खरं तर तिथेच ती सुरू होते, कारण मोजपट्टीवरचा पहिला दिवस हाच धरलाय. मागच्या महिन्याचा शेवट पुढच्या महिन्याचा आरंभ म्हणून पुढे ठेवण्याची ही मांडणी मला फार मोठी वाटते. रेषा कोसळल्या म्हणूनच एफ.एस.एच.वरचा दाब उठलेला असतो, आणि रक्तस्राव चालू असतानाच आत नव्या पुटिका जाग्या होत असतात.

चौथ्या पट्ट्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय. हे रक्त घाण नाही, खराब नाही, साचलेलं नाही. येऊ शकणाऱ्या जिवासाठी घातलेलं अंथरूण आहे. एका पाळीत जाणारं रक्त सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर, चहाचा लहान कपही भरत नाही. पोटात कळा येतात त्या अस्तरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या पदार्थामुळे, पापामुळे नव्हे. गाईत अस्तर आतल्या आत शोषलं जातं म्हणून तिला असा स्राव नाही. माणूस, माकडं, काही वटवाघळं आणि मोजके छोटे प्राणी, एवढ्यांनाच तो आहे.

मुलं विचारायची, आमची आकृती कुठाय? त्यांची आकृती सपाट असते. एफ.एस.एच. आणि एल.एच. मुलांतही तीच, त्याच ग्रंथीतून येणारी. फक्त महिन्याची लाट नाही. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, आणि एक शुक्रपेशी पूर्ण व्हायला दोन-अडीच महिने. बैल खच्ची केला की तो नांगराला शांत चालतो हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. का चालतो, हे 1849 साली जर्मनीत आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी कोंबड्यांवर दाखवलं. वृषणं काढलेल्या कोंबड्याचा तुरा मलूल होतो, तो आरवत नाही. पण वृषण काढून पोटात दुसरीकडे रुजवलं, तर तुरा पुन्हा लाल होतो. म्हणजे नसांनी नव्हे, रक्तातून काहीतरी जातं. संप्रेरकांचं शास्त्र एका अर्थानं त्या तुऱ्यापासून सुरू झालं.

आकृतीच्या बाहेर राहिलेली दोन संप्रेरकं मी तास संपता संपता सांगायची, कारण त्यांच्यासाठी मराठीत इतका सुंदर शब्द आहे: पान्हा. दूध तयार करतं प्रोलॅक्टिन. ते खाली सोडतं ऑक्सिटोसिन, नऊ अमिनो आम्लांचं. 1953 साली व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. पण त्याचं वागणं आपल्या भाषेनं केव्हाच टिपून ठेवलंय. वासरू ढुसण्या देतं, गाय पान्हावते. अनोळखी माणूस धार काढायला बसला, कुत्रं भुंकलं, की ती पान्हा चोरते. भीतीचं अ‍ॅड्रिनॅलिन ऑक्सिटोसिनच्या आड येतं, याहून वेगळं पाठ्यपुस्तकही काही सांगत नाही. घाईघाईनं दूध उतरावं म्हणून गोठ्यात चोरून टोचल्या जाणाऱ्या इंजेक्शनात हेच असतं, आणि मुलांना ते सांगितलंच पाहिजे. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित येतात. प्रोलॅक्टिनच्याच सांगण्यावरून रोहिताची नर-मादी दोघंही गळ्यात तांबडं दूध तयार करून पिल्लाला पाजतात. सहलीला गेलं की मुलं हे एकमेकांना सांगायची, बापपण दूध पाजतो म्हणून.

आता आकृतीचा खरा दोष. तिच्यात बाई नाही. चार पट्टे आहेत. तिनं काय खाल्लं, किती ओझं उचललं, किती झोपली, हे कुठल्याच पट्ट्यात नाही. आणि हायपोथॅलॅमसचा ठोका तर या सगळ्यावर अवलंबून असतो. 1996 साली अमेरिकेतल्या हर्शी गावी संशोधकांना एक जनुक सापडलं. गावातल्या प्रसिद्ध ‘किस’ चॉकलेटवरून त्याचं नाव ठेवलं, त्यावरून किसपेप्टिन. पुढे 2003 साली कळलं की हायपोथॅलॅमसला ठोका द्यायला लावणारं, मुलीला वयात आणणारं हेच आहे. आणि अंगात पुरेशी ऊर्जा शिल्लक नसेल, उपासमार असेल, काबाडकष्ट असतील, तर हे आवरतं घेतलं जातं. ठोके विरळ होतात आणि पाळी लांबते किंवा थांबते. शरीर म्हणतं, आत्ता नको.

दिवाळी झाली की आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडहून, नगरच्या पूर्वेकडून, कोयते येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यांची मुलं काही महिने आमच्या वर्गात बसायची. एका वर्षी अशी एक मुलगी आकृती उतरवून झाल्यावर माझ्याजवळ आली. तिनं तिसऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, बाई, माझ्या आईची पिशवी काढलीय, मग ह्या रेषा आता आहेत का तिच्या अंगात? आईचं वय एकतीस होतं.

सत्तावीस वर्षांत या आकृतीवर विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. त्याचं उत्तर चित्रातच आहे. वरचे तीन पट्टे चालायला चौथा लागत नाही. गाईत गर्भाशयच पीतपिंडाला विरायचा निरोप देतं, म्हणून तिथे गर्भाशय काढलं तर चक्र अडतं. बाईत तसं नाही. नुसतं गर्भाशय काढलं आणि अंडाशयं ठेवली, तर रक्त येत नाही, पण तांबडी आणि पिवळी रेषा वर्षानुवर्षं चढत-उतरत राहतात. अंडाशयंही काढली, तर दोन्ही रेषा एका दिवसात जमिनीला लागतात. जे पन्नाशीच्या आसपास हळूहळू व्हायचं ते तिशीत एका रात्रीत होतं: अंगातून वाफा, झोप उडणं, आणि हाडं झिजायला वीस वर्षं आधीच सुरुवात. तिच्या आईचं काय काय काढलं होतं, हे मुलीला माहीत नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं. हातात कागद नव्हता.

2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली. तिच्यासमोर आलेल्या बीड जिल्ह्याच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहाजणींमागे एक. यामागे खाड्याचा दंड आहे, उचलीचं ओझं आहे, फडावर संडास आणि पाणी नसणं आहे, कॅन्सरची भीती घालणं आहे. हे सगळं आकृतीनं दुरुस्त होणार नाही. पण पाळी म्हणजे रोजची कटकट, पिशवी म्हणजे मूल झाल्यावर रिकामी पडलेली थैली, हा समज ज्या अज्ञानावर उभा आहे ते फळ्यावर चाळीस मिनिटांत हटवता येतं. निदान काय काढणार आणि काय ठेवणार, एवढा प्रश्न ती बाई टेबलावर जाण्याआधी विचारू शकते.

एका शाळेत मला सांगितलं गेलं होतं, बाई, तो धडा घरी वाचून यायला सांगा, परीक्षेला दोनच मार्कांचा आहे. आणखी एकदा मुलांना मैदानावर पाठवून फक्त मुलींना शिकवा, असंही सुचवलं गेलं. मी दोन्ही ऐकलं नाही. माझ्यानंतर हा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. धडा सोडू नका, मुलांना बाहेर पाठवू नका. चार खडू घ्या आणि चारही पट्टे पूर्ण काढा, तिसरा सावकाश. घंटा झाली तरी फळा लगेच पुसू नका. ज्यांना वहीत उतरवायचं धाडस तासाला झालेलं नसतं, त्या मुली मधल्या सुट्टीत परत येतात.